धुऱ्यावरची परवानगी

इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतात ससे मारायचे असतील, तर बंदूक घरी कुलपात ठेवून आधी त्या शेतकऱ्याचं दार वाजवावं लागतं. मी काही वर्षं नॉरफकमध्ये राहत होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि संध्याकाळी सशांच्या मागे जाणं हा त्यांचा तरुणपणापासूनचा नाद होता. परवानगी मागायला निघताना ते इतकी तयारी करायचे की पहिल्यांदा मला नवलच वाटलं. धुतलेला शर्ट घालायचे. शिकाऱ्याचे ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे मुद्दाम टाळायचे. खिशात एक छापील चिठ्ठी असायची. तिच्यावर नाव, पत्ता, फोन आणि गाडीचा नंबर. सोबत विम्याचं कार्ड. सुगीत जायचं नाही, कारण तेव्हा शेतकरी कंबाइनवर असतो आणि त्याला मान वर करायला उसंत नसते. मेंढ्या विण्याच्या दिवसांत जायचं नाही, कारण तो रात्रभर जागलेला असतो. कुणाच्या जेवणाच्या वेळी तर अजिबातच नाही.

बहुतेक ठिकाणी नकार मिळायचा. कुणाचा पुतण्याच बंदूक चालवणारा असायचा, कुणाला परक्या माणसाचा पूर्वी वाईट अनुभव आलेला असायचा, कुणाला मारणंच पसंत नसायचं. नकार आला की गृहस्थ आभार मानून, चिठ्ठी ठेवून निघायचे. एकदा होकार मिळाला तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. शेतकऱ्याने नेमबाजीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याने विचारलं ते फाटकांबद्दल. उघडलेलं फाटक परत लावणार ना? बंद असलेलं बंद आणि उघडं असलेलं उघडंच ठेवणार ना? मग त्याने आम्हाला शेतातून फिरवून आणलं. ही पायवाट सार्वजनिक आहे, इथून लोक कुत्री घेऊन जातात. त्या कुरणात शेजारणीचे घोडे असतात, तिकडे तोंड करून गोळी झाडायची नाही. त्या उतारावरची मोठी बिळं बॅजर नावाच्या रानप्राण्याची आहेत, त्यांच्या जवळपासही जायचं नाही. बॅजरला तिथे १९९२च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. तासाभराच्या त्या फेरीत त्या शेताचा एक नकाशा गृहस्थांच्या डोक्यात उतरला, आणि त्या नकाशात ससे सगळ्यांत शेवटी आले.

हा सगळा शिष्टाचार नुसत्या सौजन्याचा नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर बंदूक घेऊन शिरणं हा तिथे १९६८च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. छऱ्याची हवेची बंदूक असली तरी गुन्हाच. ठरावीक शक्तीच्या आतल्या हवेच्या बंदुकीला इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही, पण जमीनमालकाचा होकार लागतोच. त्याहून मोठी, पॉइंट टू टूची रायफल हवी असेल तर पोलिसांचा दाखला लागतो. नवशिक्याच्या बाबतीत पोलीस तो ज्या जमिनीवर बंदूक चालवणार ती जमीन त्या कामाला योग्य आहे का, हेही बघतात. बंदूक, माणूस आणि जमीन या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात.

जूनमधली एक संध्याकाळ मला चांगली आठवते. तिकडे त्या दिवसांत नऊ वाजले तरी उजेड असतो. बार्लीचं शेत होतं. मधलं पीक गुडघ्याच्या वर आलेलं, पण झुडपांच्या कुंपणालगतचा पट्टा पार बोडका. ससा बिळापासून फार लांब जात नाही, त्यामुळे त्याचं खाणं कडेकडेने होतं आणि नुकसान कुठून सुरू झालं ते उघड दिसतं. सात ते दहा ससे मिळून एका मेंढीएवढं खातात असा तिकडच्या शेतकऱ्यांचा हिशेब. गृहस्थ ओल्या गवतात पालथे पडले होते, मी त्यांच्या मागे. बराच वेळ काही हललं नाही. मग उंचवट्यावर दोन ससे आले आणि मागच्या पायांवर उभे राहिले. त्यांच्या कानांतून मावळतीचा उजेड आरपार दिसत होता. इतकं सोपं निशाण दुसरं नसेल, पण त्यांनी गोळी झाडली नाही. मागे नुसतं आभाळ होतं. चुकलेली गोळी मैलभर जाते आणि ती कुठे उतरेल हे सांगता येत नाही. गोळीच्या मागे माती असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा त्यांचा नियम. ते ससे खाली उतरून झुडपात गेले. पुष्कळ वेळाने उताराच्या पायथ्याशी एक ससा आला, त्याच्या मागे मातीचा बांध होता, आणि तो जागच्या जागी पडला.

मी माळकरी घरातला. मांस खात नाही, तेव्हाही खाल्लं नाही. मेलेला ससा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. ते गुडघ्यावर बसले, त्याच्या डोळ्यांच्या कडा तपासल्या, पोटावरून हात दाबत नेऊन मूत्र बाहेर काढलं, म्हणजे मांसाला वास लागत नाही. मग चाकूने पोट उघडलं. या सगळ्यात घाई नव्हती, आणि फुशारकीही नव्हती. डोळे सुजलेला, पापण्या चिकटलेला ससा दिसला तर तोही ते मारत, पण खायला नेत नसत. ते मिक्सोमॅटोसिसचं लक्षण. हा रोग ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये केंट परगण्यात आला आणि दोनेक वर्षांत त्याने देशातले बहुतेक सगळे ससे संपवले. त्या रोगाने मरणारा ससा आंधळा होऊन रस्त्याच्या कडेला कित्येक दिवस बसून राहतो. त्या काळी लोक मुद्दाम आजारी ससे आणून आपल्या शेतात सोडत होते. शेवटी १९५४च्या कायद्याने ते गुन्हा ठरवावं लागलं. लहानपणी पाहिलेले ते ससे गृहस्थांच्या डोळ्यांसमोरून कधीच गेले नाहीत. ते म्हणायचे, त्या मरणापेक्षा माझी गोळी बरी.

रात्री घरी आल्यावर ते शेतकऱ्याला निरोप पाठवत. किती ससे, कुठल्या कोपऱ्यात, आणि पाणवठ्याजवळच्या फाटकाची कडी सैल झाली आहे तेवढी बघा. दोन ससे सोलून त्याच्या घरी पोचते करत. ही परवानगी अशी दर खेपेला नव्याने टिकवावी लागायची.

पण तिकडचा सामान्य शेतकरी पूर्वीपासून इतका सुखी नव्हता, हे मला नंतर वाचताना कळलं. ससा मुळात ब्रिटनचा प्राणीच नाही. नॉर्मन राजवटीत तो मांसासाठी आणि कातड्यासाठी आणला गेला आणि राखीव कुरणांत पाळला गेला. नॉरफक आणि सफकच्या सीमेवर ब्रेकलंड नावाचा रेताड पट्टा आहे, तिथे थेटफर्डजवळ सशांच्या राखणदाराची मध्ययुगीन दगडी गढी अजून उभी आहे. एवढ्या जाड भिंती सशांसाठी बांधल्या, कारण ससा जमीनदाराची दौलत होता आणि चोर गरीब होते. पुढे तो कुरणांतून निसटला आणि देशभर पसरला. कुळाचं पीक तो खायचा, पण त्याला मारण्याचा हक्क बहुतेक करारांत मालक स्वतःकडे राखून ठेवायचा. कुळाने फक्त बघत बसायचं. रात्री चोरून ससा धरताना सापडलं तर तुरुंग. १८२८च्या कायद्यात तिसऱ्यांदा सापडणाऱ्याला सात वर्षं समुद्रापार पाठवण्याची तरतूद होती. कुळांचा हा संताप साचत गेला आणि शेवटी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने १८८०मध्ये ग्राउंड गेम कायदा केला. जो जमीन कसतो त्याला तिथले ससे मारण्याचा हक्क मिळाला, आणि तो हक्क करार करूनही काढून घेता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं गेलं. त्यानंतर १९५४मध्ये चक्र पुरतं उलटं फिरलं. सशांचा बंदोबस्त करणं हे कसणाऱ्याचं कर्तव्य झालं. म्हणजे जो हक्क मागताना माणसं तुरुंगात जात होती, तो पंचाहत्तर वर्षांच्या आत जबाबदारी होऊन बसला.

हे वाचताना मला सतत आमचं वावर दिसत होतं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. काळी जमीन. खरिपात पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, रब्बीत हरभरा. काका अजून शेती करतात. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला न चुकता हजर. अंगणात निघालेला विंचूही ते चिमट्याने धरून लांब नेऊन सोडतात. या माणसाने वहीतला कागद फाडून अर्ज लिहिला, ‘माझ्या शेतातील पिकाचे रानडुकरे व रोही यांनी अतोनात नुकसान केले असून त्यांना मारण्याची परवानगी मिळावी ही विनंती.’ त्यांनी तो मला फोनवर वाचून दाखवला. ‘मारण्याची’ या शब्दापाशी ते थांबले. मग म्हणाले, “मले कोनाचा जीव घ्याची हौस नाही गा बाबू. पण पिकानं जगाव त कसं?”

डुक्कर हरभरा किंवा भुईमूग खायला येतं तेव्हा नुसतं खात नाही, नांगरल्यासारखी जमीन उकरतं. खाल्लेल्यापेक्षा उलथून टाकलेलं जास्त. एका वेतात चार-सहा पिल्लं, आणि अख्खा कळप एका रात्रीत शेताच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, तिची तऱ्हा वेगळी. अंगाने घोड्याएवढी. ती आली की शेंडे कुरतडते, पण तिच्या पायांखाली आणि बसण्याने जे मोडतं त्याचा हिशेब कुठल्या पंचनाम्यात धड मांडता येत नाही. यावर आमच्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे जागल. माचावर रात्र काढायची, डबा वाजवायचा, आरोळ्या ठोकायच्या, फटाके फोडायचे. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत ही जागल आता जिवावरची झाली आहे, कारण डुकरांच्या मागे वाघही शिवारात उतरतो. काकांचं वय सत्तरीच्या पुढे. ज्वारी आमच्याकडे कधीच बंद झाली. कणीस भरलं की वर पाखरं आणि खाली डुकरं, राखायचं कोणी?

कायदा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी या देशात बंदुका कशा चालल्या हे माहीत असलेला कुणीही तसं म्हणणार नाही. आणि त्या कायद्यात शेतकऱ्याचा विचारही आहे. कलम ११ म्हणतं की वाघासारखे पहिल्या अनुसूचीतले प्राणी वगळता इतर वन्यप्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि इथे कंसात लिहिलंय, कोणत्याही जमिनीवरच्या उभ्या पिकांसह, धोकादायक ठरले तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने त्यांना मारण्याची परवानगी देऊ शकतो. ‘उभ्या पिकांसह’ हे शब्द कुणीतरी विचार करून घातले असणार. जुलै २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने रोही आणि रानडुकरांसाठी खास निर्णय काढून ही वाट सोपी करण्याचा प्रयत्न केला. कागदावर सगळं आहे.

काकांना परवानगी मिळाली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत नकार मिळाला असंच बहुतेकांना वाटतं. सातबारा, नुकसानीचे फोटो, संबंधित कार्यालयाच्या फेऱ्या, आणि शेवटी हातात एक कागद आला, सही-शिक्क्यासह. तोवर हरभऱ्याची सोंगणी झालेली होती. पण वेळेवर मिळाला असता तरी त्या कागदाचं करायचं काय होतं? गोळी परवान्याच्या बंदुकीनेच घालायची, हे योग्यच आहे. आमच्या गावात तशी बंदूक एकही नाही. आजूबाजूच्या गावांतही कुणाच्या ऐकिवात नाही. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता, म्हणजे ते न्यायला माणूस यायला हवा. तो येईपर्यंत राखत बसायचं. जखमी होऊन जनावर रानात शिरलं तर? काकांनी तो कागद घडी घालून पोथीच्या पेटीत ठेवला.

कोकणात चित्र थोडं वेगळं आहे. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक अजून काही घरांत असते. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. पण निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, आणि निवडणूक काही भाताच्या लोंब्या बघून लागत नाही.

मग शेतकरी काय करतो? तो तार लावतो.

हे मला या लेखात सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बाभळीच्या खुंट्यांना साधी तार गुंडाळायची आणि रात्री तिच्यात वरच्या लाइनीवरून आकडा टाकून करंट सोडायचा. खर्च जवळपास नाही. परवानगी कुणाची लागत नाही, कारण ती कुणी देणारच नाही. पहाटे उठून आकडा काढायचा. तार कळप ओळखत नाही. डुक्कर आहे की शेजाऱ्याची म्हैस, की अंधारात पाणी बघायला निघालेला त्याच वावराचा सालगडी, हे तिला कळत नाही. आमच्या भागात तारेला लागून माणसं गेली आहेत. आणि वाघ गेले आहेत. उमरेड-कऱ्हांडलाच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७मध्ये नागभीडजवळ अशाच तारेने मेला आणि त्याला पुरून टाकलेलं सापडलं. त्याच वर्षी ब्रह्मपुरी भागातून पकडून बोर अभयारण्यात सोडलेली एक वाघीण माणसांवर पुन्हा हल्ले करू लागली. तिला गोळी घालण्याच्या आदेशावर नागपूर खंडपीठात वाद झाला. बाजू ऐकल्या गेल्या, कारणं तपासली गेली, आदेश कायम राहिला. ती मेली मात्र ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या तारेला चिकटून. एका जिवाला मारावं की नाही यावर न्यायालयात इतका विचार झाला, आणि शेवटी तिला मारलं ते कुणाचाच विचार न करणाऱ्या एका तारेने.

नॉरफकच्या त्या संध्याकाळी चाप न ओढलेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर येतं ते इथे. मागे माती नाही म्हणून थांबणं हे माणसालाच जमतं. पिल्लं पोटाशी आहेत म्हणून थांबणं माणसालाच जमतं. यंदा ससे कमी दिसताहेत, राहू दे, असं म्हणणंही माणसालाच जमतं. आणि हे खरोखर घडलं. ससे मारणाऱ्या त्या देशात आता ससेच कमी होत आहेत. मिक्सोमॅटोसिसच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या अखेरीला रक्तस्रावाचा आणखी एक रोग आला. १९९६ ते २०१८ या काळात ब्रिटनमध्ये सशांची संख्या ६४ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या पक्षीगणनेसोबत होणाऱ्या नोंदींतून दिसलं. ब्रेकलंडच्या रेताड माळावर ससे गवत खुरटं ठेवतात, जमीन उकरतात, आणि त्या उघड्या रेतीवर दुर्मीळ वनस्पती आणि किडे जगतात. ससे गेल्यावर तो माळच गवताने गुदमरायला लागला. म्हणून आता तिथे निसर्गसंवर्धक फांद्यांचे ढीग रचून आणि मातीचे बांध घालून सशांना घरं करून देतात. माझ्या शेजाऱ्यांनी त्या पट्ट्यात बंदूक नेणं स्वतःहून बंद केलं. शेतकऱ्याने त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच शेतकऱ्याला सांगितलं.

आपल्याकडे अशी माणसं नव्हती का? होती. फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फास लावून हरणं, ससे, तितर धरत आले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी त्यांच्या अभ्यासात नोंदवलंय की फासात सापडलेली पिल्लं आणि गाभण माद्या पारधी सोडून देत असत. रानाचा असा हिशेब ज्यांच्या बोटांत होता, त्यांच्यावर इंग्रज सरकारच्या १८७१च्या कायद्यापासून सुरू झालेल्या परंपरेने गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला तरी शिक्का राहिला. तिकडे इंग्लंडात चोर म्हणून पकडल्या जाणाऱ्या कुळाला १८८०मध्ये हक्क मिळाला. इकडे त्याच राज्यकर्त्यांनी रानाची जाण असलेल्या माणसांची हजेरी पोलीस चौकीत लावली. आज रानडुकराचा बंदोबस्त कोण करू शकेल हा प्रश्न निघतो तेव्हा हैदराबादहून नेमबाज बोलावण्याची चर्चा होते, पण गावाच्या कडेला पालात राहणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

बाहेरून नेमबाज आणले की काय होतं तेही देशाने पाहिलंय. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या कलम ६२खाली उपद्रवी म्हणून ठरावीक काळापुरते जाहीर केले. पुढच्या जूनमध्ये मोकामाच्या ताल भागात काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, उघड वाद झाला. प्राणिप्रेमींचा संताप मला समजतो. ती छायाचित्रं बघवत नव्हती. पण मोकाम्याच्या शेतकऱ्याचं मसुराचं पीकही खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं काहीच करायचं नाही आणि मग एकदम शेकडो मारायचे, हे दोन्ही एकाच रोगाचे झटके आहेत. थोडं, वेळेवर, ओळखीच्या माणसाने आणि मोजून केलेलं काम या दोन्हींपेक्षा कमी रक्ताचं असतं.

गाडगीळांनी आयुष्याच्या उत्तरार्धात उघडपणे मांडलं की रानडुकरांबाबतचा निर्णय गावाकडे द्यावा. पीक राखणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा न्याय्य नाही. पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणारे अनेक जण त्यावर नाराज झाले. मी गाडगीळांशी सगळ्या बाबतीत सहमत नाही. गावाला अधिकार दिला की गावातला दांडगा तो स्वतःच्या खिशात घालतो, हे मी पाहिलेलं आहे. मांसाचा चोरटा बाजार लगेच उभा राहील ही भीतीही खरी आहे. तरी मूळ मुद्दा मला पटतो. ज्याच्या वावरात जनावर मरतं, ज्याच्या हाताने मरतं आणि जो परवानगी देतो, ते तिघं एकमेकांना तोंडाने ओळखत असायला हवेत. सही करणारा तालुक्याला, बंदूक कुठेच नाही आणि शेतकरी एकटा माचावर, असं असेल तर त्या परवानगीतून पुढे तारच निघणार.

केरळने मे २०२२मध्ये एक पाऊल उचललं. पंचायतीच्या आणि नगरपालिकांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन रानडुकरं मारण्याचे आदेश काढण्याचे अधिकार दिले. विष, स्फोटकं आणि विजेचा धक्का वापरायचा नाही, नोंद ठेवायची आणि मेलेलं जनावर रीतसर पुरायचं, अशा अटी घातल्या. तिथेही परवानाधारक नेमबाज पुरेसे नाहीत, दर परवडत नाहीत, अशा अडचणी आहेत. पण निदान अर्ज घेऊन जायचं ठिकाण गावातच आहे, आणि अध्यक्षाला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचं असतं.

यंदा काकांनी झटका मशीन घेतलं. सौर पॅनेलवर चालतं, तारेत क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. अनुदान आहे, ते मिळायला वेळ लागतो. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की झटका मंदावतो, आणि मोठं डुक्कर खालून माती उकरून शिरतं, त्यामुळे रोज धुरा साफ ठेवावा लागतो. तारेच्या आतल्या बाजूने त्यांनी करडईच्या चार ओळी पेरल्या. काटेरी म्हणून जनावर तोंड घालत नाही, ही त्यांच्या वडिलांची रीत. एवढ्याने निम्मं नुकसान वाचेल असा त्यांचा अंदाज आहे. उरलेल्या निम्म्यासाठी ते आणि मी मिळून ग्रामसभेत मांडायचा ठराव तयार करत आहोत. तालुक्यात तीन-चार प्रशिक्षित, परवानाधारक माणसांची यादी असावी, त्यांत पारधी तरुणांना आधी संधी मिळावी, अर्ज आला की त्यांतल्या एकाने त्याच आठवड्यात शिवार फिरून बघावं आणि दर महिन्याला किती मारले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं, असे मुद्दे मी सुचवले. काकांनी ते ऐकून घेतले, आणि वहीत सगळ्यांच्या वर स्वतःचे दोन मुद्दे लिहिले. आपल्या शिवारात कोणी तारेत करंट सोडणार नाही. पिल्लं सोबत असलेल्या मादीवर गोळी चालणार नाही. दुसऱ्या मुद्द्यावर गावात विरोध होईल, पिल्लंच उद्याची डुकरं असं लोक म्हणतील, हे मी त्यांना सांगितलं. “म्हनू दे,” ते म्हणाले, “सभेत उभा राहून मीच बोलतो.” ग्रामसभा २६ जानेवारीला आहे.